बाबांसाठी चीनवरून आलेल्या हार्टच्या कॅप्सूल: सुरू करायच्या का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की बाबांना (वय ६४) एप्रिलमध्ये मोठा अटॅक आला, त्याच रात्री अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट पडला, आता सहा महिने होऊन गेले, पंपिंग (हार्ट दर ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर फेकतं तो आकडा) ४५ टक्के आहे. अ‍ॅस्पिरिन, टिकाग्रेलोर, अटोरव्हास्टॅटिन आणि मेटोप्रोलोल चालू आहे. आणि शांघायला नोकरी करणारा धाकटा भाऊ दिवाळीला येताना तिकडच्या कॅप्सूलचे चार बॉक्स घेऊन आलाय, टोंगशिनलुओ नावाचे, कारण त्याच्या ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं की आमच्याकडे अटॅकनंतर हेच देतात, हार्टचं नुकसान वाचतं. आई म्हणते देऊन बघू, झाडपाल्याचंच तर आहे.

मी नाशिकला गेली २६ वर्षं हार्टचेच पेशंट बघतोय. घाईत असाल तर उत्तर एवढंच की बॉक्स कपाटात ठेवा, बाबांना सुरू करू नका. पण "चायनीज म्हणजे थोतांड" म्हणून ठेवू नका, कारण तुम्ही नेमकं त्याच औषधाचं नाव घेतलंय ज्याच्यामागे या सगळ्या प्रकारात सगळ्यात दमदार पुरावा आहे, आणि गंमत म्हणजे तो पुरावा नीट वाचला की तोच सांगतो बाबांना ते आत्ता का द्यायचं नाही. मोठं होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी नुकसान म्हणजे नेमकं कुठलं ते. अटॅकमध्ये हार्टच्या स्नायूला रक्त देणारी नळी गुठळीने बंद होते आणि त्या भागातला स्नायू मरायला लागतो, वीस-तीस मिनिटांत सुरुवात होते आणि पुढचे काही तास ते आतल्या थराकडून बाहेर पसरत जातं. हे पहिलं नुकसान, सगळ्यांना माहीत असलेलं. मग आम्ही फुग्याने नळी उघडतो, रक्त धावतं, बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक हात जोडतात, आणि त्याच मिनिटाला आत दुसरं नुकसान सुरू होतं. इतका वेळ उपाशी राहिलेल्या पेशींवर ऑक्सिजन एकदम येऊन आदळतो, फ्री रॅडिकल तयार होतात, पेशीत कॅल्शियम भरतं, मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीची ऊर्जाघरं, फुटतात, आणि ज्या पेशी कशाबशा तग धरून होत्या त्यातल्याही काही आता जातात. याला रिपरफ्युजन इंज्युरी म्हणतात. शिवाय अगदी बारीक रक्तवाहिन्या सुजतात, गुठळीच्या चुऱ्याने तुंबतात. माझ्याकडे येणाऱ्या द्राक्षबागायतदारांना मी सांगतो, धरणाचं गेट उघडलं, पाटाला पाणी आलं, पण तुमच्या वावरातली चारी गाळाने भरलेली असली तर वेलीला काय मिळणार? अँजिओग्राफीत मोठी नळी झकास दिसते आणि स्नायू मात्र कोरडाच.

आता आमच्या बाजूची कबुली. या दुसऱ्या नुकसानीवर अ‍ॅलोपॅथीकडेसुद्धा धड औषध नाही. उंदीर-डुकरांवर चाललेलं किती काय काय माणसात आपटलं! सायक्लोस्पोरिन या औषधाचं २०१५ साली झालं, ९७० पेशंट, उपयोग नाही. दंडाला बीपीचा पट्टा बांधून तो फुगवायचा-सोडायचा, त्याने हार्ट "तयार" होतं अशी एक आयडिया होती, २०१९ मध्ये पाच हजारांवर पेशंटमध्ये तपासली, फरक शून्य. म्हणजे ही जागा रिकामी आहे, आणि रिकाम्या जागेत कोणी काही घेऊन आलं तर ते कुठल्या देशाचं आहे म्हणून हसण्यात अर्थ नाही, तपासायला मात्र हवं.

चिनी वैद्यकाला छातीचं दुखणं काही नवीन नाही. दोन हजार वर्षं जुन्या हुआंगदी नेइजिंगमध्ये "खरी हृदयवेदना" म्हणून वर्णन आहे, हातपाय सांध्यापर्यंत निळे-गार पडतात, सकाळी दुखणं उठलं तर संध्याकाळी मृत्यू, संध्याकाळी उठलं तर सकाळी. कार्डिओजेनिक शॉकचं, म्हणजे हार्ट इतकं थकतं की शरीराला रक्तच पुरवू शकत नाही त्या अवस्थेचं, इतकं नेमकं वर्णन मी एमबीबीएसच्या पुस्तकातही वाचलं नव्हतं. पुढे इसवी सन २०० च्या आसपास झांग झोंगजिंग या वैद्याने छातीत कोंडल्यासारखं दुखून पाठीत जाणाऱ्या दुखण्यासाठी काढा लिहिला, त्यात आपल्या पडवळाच्या जातभाईचं फळ, लसणीच्या जातीतला एक रानकांदा, आणि हे दारूत उकळायचं. १८३० साली वांग छिंगरेन नावाच्या वैद्याचं पुस्तक आलं, हा गडी साथीत मेलेल्या पोरांची उघडी पडलेली प्रेतं स्मशानात जाऊन बघायचा, आणि त्याचा सगळा भर "रक्त साकळतं, ते हलतं करा" यावर. विसाव्या शतकात बीजिंगच्या शियुआन हॉस्पिटलमध्ये चेन केजी आणि मंडळींनी हाच धागा उचलला. सत्तरच्या दशकात त्यांचा "गुआनशिन नंबर २" हा काढा आला, डानशेन नावाचं लाल मूळ, लाल पिओनीचं मूळ, चुआनशिओंग नावाची मुळी, करडईची फुलं आणि एक सुगंधी लाकूड. हो, करडईच, सोलापूर-परभणीकडे तेलासाठी लावतात तीच, त्यांच्याकडे ती रक्त हलतं करणारं औषध.

तुमच्या बॉक्सची गोष्ट याच्या थोडी बाजूची आहे. चिनी वैद्यकात मोठ्या वाहिन्यांना जिंग आणि त्यांच्या बारीक फाट्यांच्या जाळ्याला लुओ म्हणतात. अठराव्या शतकातला येह तिआनशी म्हणायचा की जुनाट दुखणं लुओमध्ये शिरून बसतं, तिथे पाला-मुळी पोचत नाही, तिथे सरपटणारे, बिळात घुसणारे किडेच पाहिजेत, ते कानाकोपरा शोधून काढतात. आपल्या काळात वू यिलिंग यांनी या लुओच्या कल्पनेवर टोंगशिनलुओ बनवलं, नावाचा अर्थच "हृदयाची लुओ मोकळी करणारं". आता ही लुओ म्हणजेच बारीक केशवाहिन्या असं कोणी छातीठोकपणे म्हटलं तर मी मान्य करणार नाही, जुन्या शब्दाला नवं शरीरशास्त्र चिकटवणं आपल्याकडेही रोज चालतं. पण वावरातल्या चारीचं उदाहरण आठवा, कल्पना अगदीच हवेतली नाही.

आणि इथे आईंसाठी एक सूचना. झाडपाल्याचंच म्हणतायत ना त्या? आत काय आहे सांगतो. जिनसेंग, लाल पिओनी, चंदन, आणखी एक सुगंधी लाकूड, सातपुड्यातल्या सालईच्या भावकीतल्या झाडाचा डिंक, रानबोरीसारख्या बोराच्या बिया, बोर्निऑल म्हणजे आपण ज्याला भीमसेनी कापूर म्हणतो त्यातला मुख्य पदार्थ (म्हणून देव्हाऱ्यातला कापूर खायला जाऊ नका, बाजारातल्या कापराने फिट येऊ शकतात). इथपर्यंत ठीक. पुढे वाळवलेली जळू, विंचू, गोम, झुरळाच्या जातीतला एक जमिनीतला किडा आणि झाडाला चिकटलेली सिकाडा या किरकिऱ्या किड्याची कात. तुम्ही लिहिलंय बाबा माळकरी आहेत, वारी चुकवत नाहीत. त्यांना न सांगता विंचू-गोमीची पूड रोज बारा कॅप्सूल खायला घालणं मला पटत नाही, औषध कितीही चांगलं असो. माणसाला विचारायचं, मग द्यायचं. एका पेशंटच्या घरी माशाच्या तेलाच्या कॅप्सूलवरून महिनाभर अबोला झालेला मी बघितलाय.

जळूवरून आठवलं, लोकांना वाटतं जळूत हिरुडिन असतं, ते रक्त पातळ करतं, म्हणून हे काम करत असणार. इतकं सरळ नाही. हिरुडिन हे प्रथिन आहे, पोटात गेल्यावर बरंचसं पचून जाणार, आणि चीनमध्ये औषधाला वापरतात त्यातली एक मोठी जळू तर रक्त पितच नाही, गोगलगायी खाते! मग काम कशाने होतं? बारा घटक, शेकडो रसायनं, एका वाक्यात सांगता येईल असं उत्तर नाही आणि सांगणारा भेटला तर खिसा सांभाळा.

आता पुराव्याकडे. ऑक्टोबर २०२३ मध्ये जामा या अमेरिकन जर्नलमध्ये बीजिंगच्या फुवाई हॉस्पिटलच्या लोकांनी केलेली ट्रायल आली. चीनमधली १२४ हॉस्पिटलं, पावणेचार हजारांवर पेशंट, सगळे मोठ्या अटॅकचे आणि दुखायला लागल्यापासून २४ तासांच्या आत आलेले. अर्ध्यांना टोंगशिनलुओ, अर्ध्यांना हुबेहूब दिसणारी खोटी कॅप्सूल, डॉक्टरला माहीत नाही पेशंटला माहीत नाही. आल्या आल्या आठ कॅप्सूल, मग चार-चार दिवसातून तीनदा, वर्षभर. हे सगळं अँजिओप्लास्टी, रक्त पातळ करायच्या गोळ्या, स्टॅटिन यांच्या जोडीला, त्यांच्या ऐवजी नाही. तीस दिवसांत हार्टमुळे मृत्यू, पुन्हा अटॅक, तातडीने पुन्हा नळी उघडावी लागणं किंवा स्ट्रोक, यातलं काहीतरी झालेले खऱ्या औषधाच्या गटात ३.४ टक्के, खोट्या कॅप्सूलच्या गटात ५.२. वर्षाला ५.३ विरुद्ध ८.३. म्हणजे महिन्याच्या हिशोबाने साधारण ५५ जणांना दिलं तर एकाची आपत्ती टळली. आमच्या धंद्यात हा आकडा वाईट नाही, खरं सांगायचं तर चांगलाच आहे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं.

आता दुसऱ्या बाजूने बघा. कुठल्याही कारणाने झालेले एकूण मृत्यू वर्षाअखेरीस ५.१ आणि ६.६ टक्के, कमी दिसतात पण संख्याशास्त्रात हा फरक पक्का धरता येत नाही. स्ट्रोकमध्ये आणि स्टेंटमध्ये गुठळी होण्यात फरक नाही. मोठ्या रक्तस्रावात वाढ नाही, हे चांगलंच. पोटाच्या तक्रारी वगैरे त्रास २.१ टक्के विरुद्ध १.१. औषध ज्या कंपनीचं तीच ट्रायलच्या पाठीशी, आणि पेशंट झाडून सगळे चीनमधले. पाठीशी कंपनी असणं हा गुन्हा नाही, आमच्या निम्म्या औषधांच्या ट्रायली तशाच झाल्यात, पण चीनबाहेर कोणीतरी तेच करून तेच उत्तर काढल्याशिवाय मी माझ्या प्रिस्क्रिप्शनवर लिहिणार नाही. १९९८ मध्ये एका पाहणीत दिसलं होतं की चीनमधून छापून आलेल्या अ‍ॅक्युपंक्चरच्या ट्रायली जवळपास सगळ्याच पॉझिटिव्ह, फेल झालेली एक सापडत नव्हती. तेव्हापासून शिस्त खूप सुधारली, ही जामाची ट्रायल त्याचंच उदाहरण, तरी जुनी सवय म्हणून मी चिमूटभर मीठ लावूनच वाचतो.

आणि तुमच्या बाबांसाठी मुख्य मुद्दा हा की त्या ट्रायलमधल्या प्रत्येकाला औषध अटॅकच्या पहिल्या २४ तासांत सुरू झालं होतं. स्नायू मरत होता, नळी उघडत होती, चारीत गाळ बसत होता, त्या वेळी. बाबांचं ते युद्ध एप्रिलमध्येच संपलं. मेला तो स्नायू आता व्रण झालाय, त्याला कोणतीच कॅप्सूल उठवत नाही. सहा महिन्यांनी सुरू केल्याने काय होतं हे त्या ट्रायलने विचारलेलंच नाही. पेरणीला टाकायचं खत कापणीला आणून टाकण्यातला प्रकार. वर त्यांना टिकाग्रेलोर चालू, ते आधीच जोरात रक्त पातळ करतं. ट्रायलमध्ये मोठा रक्तस्राव वाढला नाही, मान्य, पण तिथे प्रत्येक पेशंटवर डॉक्टरांची नजर होती, आणि बाबा गावी राहतात, त्यांना काळी शी झाली (पोटात रक्तस्राव होत असल्याची खूण) तर तुम्हाला चार दिवसांनी कळेल.

हा वेळेचा मुद्दा या विषयातल्या ९० टक्के बातम्यांना लावून बघा. "डानशेनमधल्या घटकाने हार्टचं नुकसान निम्म्यावर" अशी बातमी आली की समजायचं, उंदराला आधी काही दिवस औषध पाजलं, मग अर्धा तास नळी दोऱ्याने बांधली, मग सोडली, मग हार्ट कापून मोजलं. उंदीर तरुण, साखर नाही, बीपी नाही, तंबाखू नाही, आणि अटॅकची तारीख आधीच ठरलेली! माझा पेशंट ५८ वर्षांचा, तीस वर्षं बिडी, आणि अटॅकच्या आठवडाभर आधी "डॉक्टर पुढच्या मंगळवारी येतोय" असं सांगायला येत नाही. डानशेन वाईट आहे असं नाही हं, साल्व्हियाच्या जातीतलं लालबुंद मूळ, त्यातली टॅन्शिनोन आणि साल्व्हियानोलिक अ‍ॅसिड ही रसायनं प्रयोगशाळेत खरोखर काम करतात. फक्त प्रयोगशाळेतून कॅथ लॅबपर्यंतचा (जिथे आम्ही अँजिओप्लास्टी करतो) रस्ता कसारा घाटापेक्षा अवघड आहे, सायक्लोस्पोरिनसारखे दादा तिथेच गडगडले.

२०१४ मध्ये एका कॉन्फरन्ससाठी बीजिंगला गेलो होतो, तेव्हा एक मोठं हॉस्पिटल दाखवायला नेलं. औषधाच्या दोन खिडक्या, एक पाश्चात्य औषधांची, एक चिनी, आणि तोच पेशंट तीच चिठ्ठी घेऊन दोन्ही रांगांत उभा. आपल्याकडे आयुर्वेद आणि अ‍ॅलोपॅथी शेजारी राहूनही बोलत नाहीत, पेशंट एकाचं दुसऱ्यापासून लपवतो, तिकडे निदान एका कागदावर तरी असतं. त्यामुळे भावाच्या ऑफिसातल्या बाई खोटं बोलत नव्हत्या, तिथे असली औषधं सर्रास देतात. फक्त तिथे ती डॉक्टर देतो, सगळ्या गोळ्यांची यादी समोर ठेवून. (सहज सांगतो, ही कॅप्सूल बनवणारी कंपनी ज्या शिजियाझुआंग शहरात आहे तिथेच आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आहे. १९३८ ला गेले ते १९४२ मध्ये तिकडेच वारले. भावाला सांगा, जमलं तर जाऊन ये म्हणावं.)

आता धोका कुठे असतो ते, कारण उद्या भाऊ दुसरं काही आणेल. "हार्टसाठी चांगलं" असं एकच चिनी औषध नाही, शेकडो आहेत, आणि त्यातली काही खरोखर तेज आहेत. हार्ट फेल्युअरसाठी छिलिछियांगशिन नावाची कॅप्सूल आहे, तिचीही मोठी ट्रायल झाली, १३३ हॉस्पिटलं, ३ हजारांवर पेशंट, नेहमीच्या औषधांच्या जोडीला दिली तर हार्ट फेल्युअरसाठी अ‍ॅडमिट होणं किंवा हार्टमुळे मृत्यू हे ३० टक्क्यांवरून २५ वर आलं. छान. पण तिच्यातला एक घटक फूझी, म्हणजे आपल्या बचनागाचा सख्खा चुलतभाऊ. कच्च्या बचनागातलं अ‍ॅकोनिटिन हार्टच्या पेशींची सोडियमची दारं उघडी ठेवतं, बंदच होऊ देत नाही, आणि मग ठोके असे बेफाम सुटतात की शॉक देऊनही आवरत नाहीत. आपले वैद्य बचनाग गोमूत्रात शुद्ध करतात, चिनी लोक खारात भिजवून, उकळून, वाफवून त्याचं विष मोडतात आणि काढा करताना पुन्हा तास-दोन तास आधी एकटंच उकळतात. कारखान्यातल्या कॅप्सूलमध्ये हे मोजूनमापून झालेलं असतं. कुणी सुटी मुळी आणून घरी कुकरला तीन शिट्ट्या दिल्या तर हार्ट वाचवायला घेतलेल्या औषधानेच हार्ट बंद. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी अशा विषबाधा वर्षानुवर्षं नोंदवल्यात.

डानशेन आणि वॉर्फरिन ही रक्त पातळ करायची गोळी, ही दुसरी जोडी, विशेषतः ज्यांची झडप बदललेली आहे त्यांनी कान उघडे ठेवून ऐका. नव्वदच्या दशकात हाँगकाँगमधूनच केसेस आल्या, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) ८ च्या वर गेलेला, छातीत रक्त साठलेलं, आणि चौकशी केली तर डानशेन चालू. जिनसेंग उलट वॉर्फरिनचा जोर कमी करू शकतं. म्हणजे एक ब्रेक सोडतं, एक ब्रेक दाबतं, आणि मिश्रणात दोन्ही असली तर गाडी कुठे जाईल देव जाणे. ज्येष्ठमध आठवा, चिनी काढ्यांत ते मिठासारखं सगळीकडे असतं, आणि अनियमित ठोक्यांसाठीच्या एका जुन्या प्रसिद्ध काढ्याचं तर नावच भाजलेल्या ज्येष्ठमधाचं आहे. जास्त दिवस खाल्लं की पोटॅशियम उतरतं, बीपी चढतं, पाय सुजतात, आणि पेशंटला डिगॉक्सिन (हार्टची गोळी) किंवा लॅसिक्स (लघवी वाढवून पाणी काढणारी गोळी) चालू असेल तर ठोके बिघडायला तेवढं पुरतं. कस्तुरीच्या एका सुप्रसिद्ध गोळीत बेडकाचं विष असतं, ते शरीरात डिगॉक्सिनसारखं वागतं आणि लॅबमधली डिगॉक्सिनची टेस्टसुद्धा चकवतं. त्या गोळीची ट्रायलही झाली, २ हजार ६०० च्या वर पेशंट, दोन वर्षं, हार्टमुळे मृत्यू, अटॅक किंवा स्ट्रोक झालेले १.९ टक्के विरुद्ध २.७, फरक पक्का धरण्याइतका निघाला नाही. आणि एका जुन्या हृदयाच्या गोळीत तर आपल्या ईश्वरी म्हणजे सापसनच्या कुळातली मुळी असायची, त्यातल्या अ‍ॅरिस्टोलोकिक अ‍ॅसिडने किडनी जाते आणि मूत्रमार्गाचा कॅन्सर होतो. बेल्जियममध्ये नव्वदच्या दशकात वजन कमी करायला गेलेल्या बायकांच्या किडन्या याच अ‍ॅसिडाने गेल्या, तेव्हा कुठे जगाला जाग आली. नंतर चीनने त्या गोळीतली ती मुळी बदलली. पण शेकडो वर्षं वापरात आहे म्हणून सुरक्षित आहे, हा मुद्दा माझ्यापुरता तिथेच संपला. किडनी दहा वर्षांनी गेली तर कोणता वैद्य त्याचा संबंध दहा वर्षांपूर्वीच्या गोळीशी लावणार होता?

पण खरं सांगू, मला सगळ्यात जास्त भीती यातल्या कुठल्याच विषाची वाटत नाही. वेळ जाण्याची वाटते. काही वर्षांपूर्वी एक पेशंट आला, माल आणायला ग्वांगझूला जाणं-येणं असलेला व्यापारी. तिकडच्या कोणीतरी त्याला जिभेखाली ठेवायच्या बारीक गोळ्यांची बाटली दिलेली, चुआनशिओंग आणि बोर्निऑलच्या, चीनमध्ये आजी-आजोबांच्या खिशात असतेच ती. रात्री अकराला छातीत भरून आलं, त्याने गोळ्या ठेवल्या, जरा थंड वाटलं, बरं वाटलं, पुन्हा दुखलं, पुन्हा ठेवल्या, असं करत पहाटे साडेतीनला बायकोने रिक्षात घातला. नळी आम्ही उघडली, पण साडेचार तासांत जे जायचं ते गेलं होतं, पंपिंग ३० वर थांबलं. तेव्हा एवढं घरात सगळ्यांना पाठ करून ठेवा की छातीत दुखणं दहा-पंधरा मिनिटांच्या वर राहिलं, घाम आला, तर चिनी, देशी, विलायती कुठल्याही गोळीची परीक्षा बघत बसायचं नाही, १०८ लावायचा आणि निघायचं.

(पुढचा प्रश्न येणारच म्हणून आत्ताच सांगतो, अर्जुनसालीलाही हाच न्याय. आपल्या मातीतली म्हणून तिला वेगळी सूट नाही. आणि केमोमधल्या डॉक्सोरुबिसिनने, त्या लाल औषधाने, हार्टला होणाऱ्या इजेवर चिनी औषधं देऊ का असंही काहीजण विचारतात. तिथे तर कॅन्सरच्या डॉक्टरला न विचारता काहीच नको, एखादी मुळी हार्ट वाचवता वाचवता केमोचाच जोर मोडून बसली तर काय घ्या.)

आता तुमच्या यादीकडे परत येतो, कारण तुमचा प्रश्न वाचताना मला कॅप्सूलपेक्षा जास्त खटकलं ते यादीत नसलेलं नाव. पंपिंग ४५ आहे आणि रामिप्रिल किंवा त्या गटातली कुठलीच गोळी दिसत नाही. अटॅकनंतर व्रण ताणला जातो, हार्ट हळूहळू फुगतं, आणि ते फुगणं रोखायचं काम हा गट करतो. १९९२ मध्ये कॅप्टोप्रिलची ट्रायल आली, अटॅकनंतर पंपिंग ४० किंवा खाली आलेले २,२३१ पेशंट, आणि मृत्यू १९ टक्क्यांनी कमी. स्वस्तातली गोळी आहे, बॉक्सवर ड्रॅगन नाही की सोनेरी अक्षरं नाहीत, म्हणून कोणी परदेशातून आणत नाही. बाबांचं पंपिंग ४५ म्हणजे त्या ट्रायलच्या जरा वर, तरीही मोठ्या अटॅकनंतर आम्ही बहुतेकांना देतो. कदाचित तुमच्या डॉक्टरांनी मुद्दाम टाळली असेल, बीपी कमी असेल, क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) वाढलं असेल, पोटॅशियम जास्त असेल, खोकला झाला म्हणून बंद केली असेल. त्यांच्यावर बोट ठेवत नाहीये, पण विचारा. आणि अटॅकनंतरचा इको कधीचा आहे? एप्रिलचाच असेल तर पुन्हा करून घ्या, पहिल्या आठवड्यात स्नायू बधिर असतो, नंतर बऱ्याचदा आकडा सुधारतो.

पुढच्या व्हिजिटला जाताना ते बॉक्स, आतल्या चिनी पत्रकासकट, पिशवीत घाला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा, लपवू नका. भावाला फोनवरच त्या पत्रकावरच्या घटकांची नावं भाषांतर करून पाठवायला सांगा म्हणजे बाबांनाही वाचून दाखवता येईल. त्याला रागावू नका, पोराने काळजीपोटी आणलंय. आणि दरम्यान बाबांनी एक-दोन कॅप्सूल आधीच घेतल्या असतील तर घाबरण्यासारखं काही नाही, फक्त शीचा रंग आणि अंगावर निळे डाग येतायत का एवढं आठवडाभर बघा. इको झाला की आकडा आणि रामिप्रिलचं काय ठरलं ते मला कळवा.